आदर्श बडोद्यात भाड्याने खोली मिळते का?

पत्राचा सारांश: बडोद्याच्या दांडिया बाजारात राहणारे आणि मकरपुऱ्यातल्या एका कारखान्यात हिशेबाचं काम पाहणारे एक वाचक लिहितात, की गेली तीन वर्षं ते फावल्या वेळात कादंबरी लिहीत आहेत. कल्पना अशी: १९४९ मध्ये बडोदा संस्थान मुंबई राज्यात विलीन झालंच नाही. तिसऱ्या सयाजीराव महाराजांनी घालून दिलेल्या वाटेने ते पुढे गेलं आणि आज ते जगातलं सर्वांत सुखी, सुशिक्षित राज्य आहे. नकाशे, नाणी, मंत्रिमंडळ, रेल्वेचं वेळापत्रक सगळं तयार आहे. चार वह्या भरल्या. प्रकरणं मात्र तीनच झाली. त्यांत नायक अमेरिकेहून परततो आणि काका त्याला राज्य दाखवत हिंडतात. पत्नीने वाचून सांगितलं, "सगळं छान आहे, पण घडत काहीच नाही." मराठी मंडळातल्या एका ज्येष्ठांनी बजावलं, की महाराजांच्या राज्यात खोट दाखवायची नाही. वडील म्हणतात, "झालं ते झालं, 'असं झालं असतं तर' याने कुणाचं पोट भरत नाही." वाचकांचा प्रश्न: "खोट दाखवली तर आदर्श राज्य उरत नाही, नाही दाखवली तर कादंबरी होत नाही. मी सोडू काय?"

उत्तर:

दोन्ही ठेवा. सोडायचंच असेल तर काकांना सोडा.

काका वाईट आहेत असं नाही. एकाने विचारायचं, दुसऱ्याने सांगायचं, पहिल्याने थक्क व्हायचं, ही आदर्श राज्याच्या गोष्टीची फार जुनी रीत आहे. इंग्रज लेखक टॉमस मोरने १५१६ मध्ये आपलं 'युटोपिया' हे बेट रंगवलं तेही तिथून फिरून आलेल्या प्रवाशाच्या तोंडून. १९०५ मध्ये बंगालच्या लेखिका रुकैया सखावत हुसेन यांनी स्त्रियांच्या राज्याचं स्वप्न लिहिलं. त्यात पुरुष मर्दान्यात, म्हणजे घरातल्या त्यांच्या बंद भागात, कारभार बायकांच्या हाती आणि स्वयंपाक सूर्याच्या उष्णतेवर. तिथेही पाहुणी विचारते आणि यजमानीण दाखवत नेते. पण ती गोष्ट मोजक्या पानांची आहे. वाचक कंटाळायच्या आत पाहुणीला जाग येते. संत रैदासांचा बेगमपुरा तर एका पदात मावतो. तिथे कर नाही, धास्ती नाही, कुणी दुय्यम-तिय्यम नाही. पदाला एवढं पुरतं. कादंबरीतल्या माणसाला मात्र सकाळी उठून दूध घ्यावं लागतं आणि दुपारी कचेरीत कुणाशी तरी बिनसावं लागतं. सहल वीसेक पानं तग धरते. तुम्ही तिच्या जिवावर अख्खी कादंबरी काढलीत, म्हणून तिसऱ्या प्रकरणाशी गाडं अडलं. पत्नीने रोग अचूक ओळखला आहे, पुढची प्रकरणंही त्यांनाच आधी दाखवा.

आता तुमच्या प्रश्नातल्या गृहीताकडे येऊ. खोट आली की आदर्श गेला, असं तुम्ही धरून चालला आहात. मोरच्या त्या बेटावर गुलाम आहेत, आणि त्यांच्या बेड्या सोन्याच्या आहेत. त्याने ते लपवलेलं नाही, उलट कौतुकाने सांगितलं आहे. पाचशे वर्षं लोक त्या बेटावर भांडत आहेत त्याचं एक कारण हेच. प्रत्येक सुखी राज्याची किंमत कुणीतरी मोजत असतो. लेखकाला तो माणूस नावानिशी ठाऊक असला पाहिजे. तो कुठल्या गल्लीत राहतो, काय कमावतो, दाराबाहेर का उभा आहे हे माहीत हवं. तुम्ही पाठवलेल्या टिपणांत मंत्री आहेत, कुलगुरू आहेत, स्टेशनमास्तरसुद्धा आहे. हा माणूस मात्र नाही.

तो कुठे सापडेल ते सांगतो. त्याआधी तुमचा सांधा तपासू. सांधा म्हणजे खरा इतिहास आणि तुमचा इतिहास जिथे फुटतात ती जागा. '१९४९ मध्ये विलीनीकरण झालं नाही' हा सांधा नव्हे. तो वीस बदलांचा निकाल आहे, आणि ते वीस बदल तुमच्या वहीत कुठेच नाहीत. संस्थानाचा खरा नकाशा समोर ठेवा. बडोदा प्रांत मध्ये, नवसारी दक्षिणेला, कडी उत्तरेला, अमरेली काठियावाडात आणि ओखामंडळ पार पश्चिमेच्या टोकाला. मधे इंग्रजी जिल्हे आणि इतर संस्थानं. राजधानीतून अमरेलीला जायचं तर दुसऱ्याच्या हद्दीतून गाडी न्यावी लागते. तुमच्या वेळापत्रकातल्या त्या सुरेख गाड्या कुणाच्या रुळांवरून धावतात? जकात कोण घेतो? शिवाय १९४७ मध्ये संविधान सभेत सर्वांआधी येऊन बसलेल्या संस्थानांत बडोदा होतं. वेगळं राहायचं तर दिल्ली, मुंबई, राजकोट इथली माणसंही तुम्हाला बदलावी लागतील. नियम असा, की वाचक एक बदल फुकट देतो आणि पुढच्या प्रत्येकाचा हिशेब मागतो.

चांगला सांधा लहान असतो. तारीख, जागा आणि हाताने दाखवता येईल असं एक कारण, एवढंच त्यात असतं. जयंत नारळीकरांची पानिपतावरची गोष्ट तुम्ही वाचली असेलच. गंगाधरपंत प्राध्यापक दुसऱ्याच मुंबईत जाऊन पोचतात आणि ग्रंथालयात इतिहास उलगडतात. आधीचे खंड जसेच्या तसे, पाचव्यात सगळं वेगळं. कारण काय, तर विश्वासरावांना लागायची ती गोळी कानाजवळून निघून गेली. अख्खा हिंदुस्थान बदलायला तेवढं पुरलं. आणि न बदललेले खंड आधी हाताळायला दिले, म्हणून बदल जाणवला. तुमच्या कादंबरीत पहिल्या पानापासून सगळंच नवं आहे. मग बडोद्याचा वाचक तरी चकित कशाने होणार?

बडोद्याला असे सांधे किती तरी आहेत. पहिला १८७५ चा. गादीवरचे मल्हारराव पदच्युत झाले आणि आधीचे महाराज खंडेराव यांच्या विधवा राणी जमनाबाईंनी दत्तक घ्यायचं ठरवलं. नाशिककडच्या कवळाण्याहून तीन भाऊ आले आणि मधल्याची, गोपाळची, निवड झाली. तेच पुढे सयाजीराव झाले. थोरल्याची झाली असती तर? हा सांधा मोहक आहे आणि तुम्हाला उपयोगीही, कारण तो तुमच्या दुसऱ्या गृहीताला हात घालतो. राज्य चांगलं होतं ते एका माणसामुळे, असं तुमच्या वह्या म्हणतात. पण सयाजीराव वयात येईपर्यंत सर टी. माधवराव दिवाण होते आणि कारभाराची घडी बसवायला त्यांनी सुरुवात केली होती. राजाच्या जागी दुसरा भाऊ बसवून पाहा. काय उरतं, काय जातं? जे उरतं ती व्यवस्था आणि जे जातं तो माणूस. ही वजाबाकी केल्याशिवाय १९४९ नंतरचं एक पानही लिहू नका, कारण महाराज १९३९ मध्येच गेले होते.

दुसरा सांधा १९०८ चा. युवराज फत्तेसिंहराव त्या वर्षी गेले, म्हणून पुढे गादी नातवाकडे, प्रतापसिंहरावांकडे गेली. ते जगले असते तर, हा प्रश्न राजवाड्यातल्या नाट्याला बरा. तुमच्या कामाचा फारसा नाही.

सांध्याचं साल निवडताना एक तांत्रिक अडचण आधी निस्तरा. सांध्यानंतर जन्मलेली खरी माणसं तुमच्या जगात जन्मतात का? काटेकोर उत्तर 'नाही'. आईबापांचे दिवस बदलले की मूल तेच राहत नाही. सांधा १८७५ चा घेतलात तर १८९१ साली जन्मलेले आंबेडकर तुमच्या बडोद्यात काटेकोर नियमाने येऊ शकत नाहीत. सैल नियम घेतला, म्हणजे ओळखीची माणसं तशीच ठेवली, तरी चालतं. पण मग तो शेवटपर्यंत पाळायचा. एका प्रकरणात काटेकोर आणि दुसऱ्यात सोयीने सैल झालात, की जाणकार वाचक पुस्तक मिटतो. सांधा जितका अलीकडचा, तितकी ही डोकेदुखी कमी.

तिसरं गृहीत असं, की चांगला कायदा झाला की लोक सुखी होतात. बडोद्याची खरी दफ्तरं काय सांगतात? सक्तीचं प्राथमिक शिक्षण १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात प्रयोग म्हणून सुरू झालं आणि १९०६ मध्ये राज्यभर कायदा झाला. हे तुम्ही लिहिलंय. न लिहिलेली बाजू दंडाची. मूल शाळेत आलं नाही तर पालकाला दंड. सुगीच्या दिवसांत गुरं राखायला पोरगं लागतं, त्याच पंधरवड्यात मास्तर हजेरी लावतात, आणि पावती फाडली जाते ती ज्याच्याकडे दुसरं मनुष्यबळ नाही त्याच्या नावावर. कायदा चांगलाच आहे आणि दंड अन्यायाचा आहे, ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी असतात. तुमच्या काकांनी त्या कायद्यावर दोन पानं भाषण दिलंय. त्याऐवजी दंडाची एक पावती टेबलावर ठेवा. बापाचं नाव, गैरहजेरीचे दिवस, रक्कम, आणि सहीच्या जागी उमटलेला अंगठा. पोरगं ती बापाला वाचून दाखवतंय. सांगण्यासारखं बहुतेक सगळं त्यात आलं.

याहून मोठी गोष्ट दुष्काळाची. १८९१ च्या जनगणनेत संस्थानाची लोकसंख्या सुमारे २४ लाख होती, १९०१ मध्ये सुमारे साडेएकोणीस लाख. मधे छप्पन्नचा (विक्रम संवत १९५६, म्हणजे १८९९-१९०० चा) दुष्काळ आणि त्याच्या मागून आलेली रोगराई. राजा तोच, शाळा त्याच, राज्य तेच. तुमच्या कालपटात १८९३ नंतर एकदम १९०६ येतं. मधे साडेचार लाख माणसांची तूट आहे! ती भरून काढायची असेल तर खुशाल काढा, तो तुमचा अधिकारच आहे. पण कशाने ते ठरवा. धान्याची कोठारं? मग कुठल्या साली, कुणाच्या शेतसाऱ्यातून? विहिरी? खोदणार कोण? रेल्वेने बाहेरून धान्य? मग ती रेल्वे कोणती? डभोई ते मियागाम ही अडीच फुटी रुळांची गाडी १८६२ मध्ये सुरू झाली तेव्हा तिला बैल जुंपलेले होते. अशा जागी कालपट नुसता रंगवलेला आहे की विचारपूर्वक बांधलेला, ते कळतं.

आता तो दाराबाहेरचा माणूस. त्याला शोधायला फार लांब जायला नको.

१९१३ मध्ये बडोदा संस्थानाने शिष्यवृत्ती देऊन भीमराव आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात पाठवलं. कराराप्रमाणे १९१७ मध्ये ते नोकरीसाठी बडोद्यात आले. पुढे काय झालं ते त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. राहायला जागा मिळेना. पारशी असल्याची बतावणी करून एका पारशी धर्मशाळेत ते उतरले. राहणं-जेवण मिळून दिवसाला दीड रुपया. वरच्या मजल्यावर अंधार, रात्री रखवालदार आणून देई तो एक छोटा कंदील. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले लोक आले आणि त्यांनी जागा सोडायला लावली. गावात दोन मित्र होते, एक हिंदू आणि एक ख्रिस्ती. हिंदू मित्राने सांगितलं, की तुम्ही घरी आलात तर माझे नोकर निघून जातील. ख्रिस्ती मित्राकडेही जमलं नाही. रात्रीच्या मुंबईच्या गाडीला वेळ होता. तो त्यांनी कमाटीबागेत बसून काढला आणि बडोदा सोडलं. चरित्रकार सांगतात, की जागेची अडचण महाराजांपर्यंत गेली होती. त्यांनी ती दिवाणांवर सोपवली, आणि दिवाणांना काही करता आलं नाही.

हिंदुस्थानातल्या सर्वांत पुढारलेल्या संस्थानाची ही गोष्ट आहे. राजाची इच्छा आहे, पैसा आहे, हुकूम आहे, फक्त एक खोली नाही. माझ्या मते तुमच्या कादंबरीचा सांधा इथे आहे. त्या हिंदू मित्राच्या जागी तुमचं एक काल्पनिक पात्र ठेवा, आणि त्याला 'या' म्हणू द्या.

मात्र गोष्ट आंबेडकरांची करू नका. ती त्यांनी लिहिली आहे, आणि आपल्यापैकी कुणी त्याहून चांगली लिहिणार नाही. गोष्ट घर देणाऱ्याची करा. तो कचेरीत कारकून आहे असं समजा, रावपुऱ्यातल्या एका वाड्यात तोही भाडेकरूच आहे. दुसऱ्या दिवशी मोलकरीण येत नाही. पाणक्या घागर दाराशी ठेवून जातो, मग तोही बंद होतो. वाड्यात नळ एकच, म्हणून बायकांची भांडणं आधी नळावर होतात. मालक दिवाळीपर्यंत मुदत देतो. पितृपक्ष लागतो आणि श्राद्धाला भटजी मिळत नाही. (त्या वर्षीचं पंचांग काढून तिथ्या पडताळा, जुन्या बडोद्याचे वाचक यात चूक सोडत नाहीत.) धाकट्या बहिणीच्या सोयरिकीचं बोलणं थांबतं. आणि त्याच्या बायकोला हे सगळं त्याने न विचारता केलेलं असतं. तिच्या बाजूनेही एक प्रकरण हवं, कारण चांगुलपणा त्याचा आणि घागरी तिच्या.

इथे घडतं ते खरंखुरं, आणि आदर्शाचा शोधही इथेच आहे. एका वाड्याने 'हो' म्हटलं तर पुढच्या वाड्याला तोच प्रश्न सोपा जातो की अवघड? वर्षभरात काय बदलतं? १९३० पर्यंत काय? तुम्हाला हवं ते सुखी बडोदं या वाटेनेही गाठता येतं, फक्त प्रत्येक पायरीचा खर्च पानावर येतो.

याचा दुसरा टोचणारा भाग विसरू नका. महाराजांच्या मनात आंबेडकरांना पुढे अर्थमंत्री करायचं होतं असं चरित्रकार सांगतात. समजा, ते बडोद्यात राहिले आणि झाले. मग १९२० चं 'मूकनायक' कोण काढणार? १९२७ मध्ये महाडच्या तळ्यावर कोण जाणार? संविधानाच्या मसुदा समितीवर कोण? बडोदं सुधारलं, आणि महाडच्या कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्यातला माणूस तहानलेला राहिला असं तर झालं नाही ना? याचं एकच बरोबर उत्तर नाही. तुमची चौथी वही पुन्हा लिहिण्याइतकं ते मोठं आहे, एवढं मात्र नक्की.

आता कामाची पद्धत. तुम्ही हिशेबातले, म्हणून हे सोपं जाईल. एका आडव्या वहीत चार रकाने करा: साल, खरं काय झालं, माझ्याकडे काय झालं, कशामुळे. चौथा रकाना रिकामा राहिला तर तिसऱ्यातली नोंद खोडायची. सांध्यानंतरची पहिली पाच वर्षं वर्षाला एक ओळ, पुढे दशकाला एक. वीस ओळींच्या वर गेलात तर तुम्ही कादंबरी टाळत आहात असं समजा. सांधा १९१७ वर आणलात की आधीची सगळी नाणी बाद होतात याचं वाईट वाटेल. वाटू द्या. नाहीतरी बडोद्याचा बाबाशाही रुपया विसावं शतक लागता लागता गेला होता आणि व्यवहारात इंग्रजी रुपया आला होता. तुमच्या त्या देखण्या नाण्यांना चौथ्या रकान्यात काही कारण नव्हतंच.

मग कादंबरी बाजूला ठेवून एक कथा लिहा, तीन हजार शब्दांची, एका घरातली, तीन दिवसांची. बदललेल्या इतिहासातल्या फक्त दोन गोष्टी थेट सांगायच्या. बाकी सगळं तिकीट, पावती, नोटीस, शाळेची घंटा, दुकानाची पाटी यांतून कळू द्या. 'आपल्याला ठाऊकच आहे की' असं कुणी पात्र म्हणालं, की ते वाक्य कापा. ठाऊक असलेल्याला कुणी सांगत नाही. ही कथा दोघांना वाचायला द्या. एकाला बडोद्याचा इतिहास माहीत असावा, दुसऱ्याला अजिबात नसावा. दोघांना एकच विचारा: काय बदललं आहे? दुसऱ्याला दुसऱ्या पानापर्यंत कळलं नाही तर तुम्ही फार लपवलंत. पहिला तिसऱ्या पानावर जांभई देऊ लागला तर फार सांगितलंत.

भाषेकडेही बघा. तुमच्या तीनही प्रकरणांत सगळं बडोदं मराठी बोलतं. दरबार मराठी होता, रयत बहुतेक गुजराती. नवसारीचे पारशी, कडीचे पाटीदार, ओखामंडळचे वाघेर यांना हे राज्य 'आपलं' वाटत होतं का? वाघेरांनी १८५८-५९ मध्ये गायकवाडी अमलाविरुद्ध उठाव केला होता. निदान एक मोठं पात्र असं घ्या, ज्याच्या लेखी मराठी ही दरबाराची भाषा आहे. त्या पात्राच्या नजरेतून तुमचं एक आवडतं पान पुन्हा लिहून पाहा. इंदूरच्या होळकरांवर किंवा ग्वाल्हेरच्या शिंद्यांवर असं काही लिहू पाहणाऱ्यांनाही हे लागू आहे. तिथेही राजवाडा एक भाषा बोलतो आणि बाजार दुसरी.

खऱ्या माणसांच्या बाबतीत एक पथ्य पाळा. त्यांच्या तोंडी मोठी वाक्यं घालू नका. आजकाल पान फोटो काढून पुढे ढकललं जातं आणि महिन्याभरात 'महाराज म्हणाले होते' म्हणून तुमच्याच मंडळाच्या ग्रुपवर परत येतं. महाराज, दिवाण, आंबेडकर यांना पडद्यामागे ठेवा. त्यांचा निरोप यावा, हुकूम यावा, पण लांबलचक संवाद नकोत. नकली राजमुद्रा किंवा नकली हुकूमनाम्याचं चित्र छापू नका. खरं कुठवर आणि कल्पित कुठून, याची अर्ध्या पानाची टीप पुस्तकाच्या सुरुवातीलाच द्या, शेवटी नको.

मंडळातल्या ज्येष्ठांना काय सांगायचं? त्यांच्या मायेबद्दल शंका घेऊ नका. एवढंच म्हणा, की शिष्यवृत्ती देणारे महाराज होते आणि खोली नाकारणारं गाव होतं, आणि ही दोन्ही नोंद झालेली सत्यं आहेत. राजाच्या राज्यात खोट दाखवणं आणि राजात खोट दाखवणं यांत फरक आहे. तरीही ते रागावले तर रागावू द्या. सर्वांना विचारून लिहिलेली कादंबरी मंडळाच्या स्मरणिकेसारखी होते.

वडिलांशी वाद घालू नका, त्यांना कामाला लावा. विलीनीकरणाच्या वेळी घरात कुणाची दरबारी नोकरी होती, ती राहिली की गेली, कुणाचं पेन्शन अडकलं, कोण मुंबईला बदलून गेलं, हे त्यांनी त्यांच्या आईवडिलांकडून नक्की ऐकलं असेल. पुढे मोठ्या कादंबरीत १९४९ आलं, तर ते याच गोष्टींतून येईल.

हे सगळं वाचून तुमचा कल मुळात नकाशांकडे आणि वेळापत्रकांकडेच आहे असं लक्षात आलं, तर कादंबरीचा हट्ट सोडायलाही हरकत नाही. काल्पनिक राज्याचं गॅझेटिअर, साठ-सत्तर पानांचं, नोंदींच्या रूपात, हा स्वतंत्र आणि मजेदार प्रकार होऊ शकतो. तिथे पात्रांची गरज नाही. पण दुष्काळाची नोंद तिथेही टाळता येणार नाही.

संदर्भांसाठी दूर जायला नको. मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत जा. काचेच्या जमिनीचे तिथले लोखंडी मजले तुम्ही पाहिले असतीलच. १९२३ चं दोन खंडांतलं बडोदा गॅझेटिअर, १९११ आणि १९२१ च्या जनगणनेचे अहवाल आणि १९१७ च्या आसपासचे वार्षिक राज्यकारभाराचे अहवाल, एवढ्यांची चौकशी करा. पहिल्या खेपेला फक्त घरं, पाणीपुरवठा आणि पगार या तीन गोष्टी टिपून घ्या. कारकुनाचा पगार मिळाला की त्याला भाडं किती परवडतं हे तुम्ही माझ्याहून चांगलं काढाल. आधाराला दिवसाचा तो दीड रुपया आहे, पण तो धर्मशाळेचा आणि जेवणासकट. वाड्यातल्या खोलीचा दर दफ्तरात सापडेपर्यंत कथेत आकडा घालू नका. 'दोन महिन्यांचं आगाऊ' असं लिहा आणि पुढच्या वाक्याला लागा.